कुंपणच शेत खाते तेव्हा : भिलाईच्या ‘महादेव’ प्रकरणातून हितसंबंधांचा धडा

भिलाई (छत्तीसगड) : नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर राजनांदगाव आणि दुर्ग मागे पडले की भिलाई येते. १९५५ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि भारतीय रेल्वेचे रूळ घडविणारे शहर म्हणून भिलाईची ओळख देशभर झाली. अलीकडच्या वर्षांत मात्र या शहराचे नाव राष्ट्रीय बातम्यांत वेगळ्याच कारणाने गाजत आहे. ‘महादेव ऑनलाइन बुक’ या सट्टेबाजीच्या जाळ्याचे कथित सूत्रधार सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे दोघेही भिलाईचे. यांपैकी चंद्राकर एकेकाळी याच शहरात फळांच्या रसाचे दुकान चालवीत असे.

या प्रकरणाची चर्चा आजवर मुख्यतः तीन अंगांनी झाली : गैरव्यवहाराचा आकार, सूत्रधारांची आखाती देशातील ऐषारामी जीवनशैली आणि राजकीय आरोप-प्रत्यारोप. चौथे अंग तुलनेने दुर्लक्षित राहिले. ज्यांनी या जाळ्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्यापैकीच काहींचा त्याच्या मिळकतीत वाटा होता काय, हा तो प्रश्न. कमिशनवर चालणारा कोणताही व्यवसाय आतून कसा पोखरला जातो, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे.

धंद्याची रचना

सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) वेळोवेळी दिलेल्या माहितीनुसार ‘महादेव’ हे केवळ एक ॲप नव्हते. अनेक बेकायदा सट्टा संकेतस्थळांना नवे ग्राहक मिळवून देणारी, त्यांची खाती उघडून देणारी आणि बेनामी बँक खात्यांमार्फत पैसा फिरविणारी ती एक छत्रयंत्रणा होती. तिचे मुख्य कार्यालय संयुक्त अरब अमिरातीत होते. भारतातील काम ‘पॅनेल’ किंवा शाखा या नावाने परिचितांकडे सोपविले जाई आणि नफ्याची वाटणी ७०-३० या प्रमाणात ठरलेली असे. नवे खेळाडू आणि नवे शाखाचालक मिळावेत म्हणून जाहिरातींवर मोठा रोख खर्च होत असे, असेही ईडीचे म्हणणे आहे.

वस्तू अथवा सेवा कायदेशीर असती तर याच रचनेला आपण ‘अफिलिएट मार्केटिंग’ म्हटले असते. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या, विमा कंपन्या आणि कर्ज देणाऱ्या संस्था आज याच पद्धतीने वाढत आहेत. ग्राहक आणून द्या आणि त्याच्या व्यवहारातील हिस्सा घ्या, एवढेच तिचे सूत्र. पगारी विक्रेता नेमण्यापेक्षा ही पद्धत स्वस्त पडते आणि वेगाने पसरते. जाळे उभारणाऱ्याला जागा, माणसे किंवा भांडवल फारसे लागत नाही. त्याला लागतो तो विश्वास, आणि तो ओळखीच्या माणसांतून मिळतो.

तिचे दुबळेपणही येथेच आहे. अशा व्यवसायात तीन कामे वेगळी राहणे अत्यावश्यक असते : ग्राहक आणणे, तो ग्राहक खरा असल्याची खातरजमा करणे आणि कमिशन अदा करणे. खातरजमा करणारा कर्मचारीच पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने ग्राहक आणू लागला, तर कंपनीकडे आपणहून येणारा ग्राहकही त्याच्या खात्यावर नोंदविला जातो, बनावट नोंदी डोळ्यांआड होतात आणि प्रामाणिक दलाल मागे पडतो. कागदोपत्री सारे नियमानुसार दिसते. तोटा उमगेपर्यंत वर्षे निघून जातात.

राखणदाराचा वाटा

कायदेशीर कंपनीत हा प्रकार फसवणूक ठरतो. बेकायदा जाळ्यात मात्र खातरजमा करणारी यंत्रणा बाहेरची असते. ती म्हणजे पोलीस, बँका, दूरसंचार आणि जाहिरात स्वीकारणारी माध्यमे. ती यंत्रणा नफ्यात सहभागी झाली की जाळ्याला अडविणारे कोणीच उरत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ईडीने छत्तीसगड पोलिसांतील एका सहायक उपनिरीक्षकाला अटक केली. सट्ट्याच्या सूत्रधारांकडून त्याने सुमारे ६५ कोटी रुपये रोख स्वीकारले आणि स्वतःचा हिस्सा ठेवून उर्वरित रक्कम अन्य अधिकारी व राजकीय व्यक्तींना पोहोचविली, असा आरोप आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका पोलीस शिपायाला अटक झाली. त्याने तीन वर्षांत परवानगीविना दुबईच्या वाऱ्या केल्या, सूत्रधारांची भेट घेतली आणि त्याच्या प्रवासाचा खर्च रायपूरच्या एका तिकीट कंपनीमार्फत भागविला गेला, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. हे सर्व आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत.

प्रकरण कनिष्ठ कर्मचाऱ्यांपुरते राहिले नाही. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांना ५०८ कोटी रुपये दिल्याचा दावा एका अटक झालेल्या रोकडवाहकाच्या जबाबाच्या आधारे पुढे आला. बघेल यांनी तो साफ नाकारला आणि कारवाई राजकीय सूडबुद्धीची असल्याचे म्हटले. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) गेला आणि २६ मार्च २०२५ रोजी सीबीआयने विविध राज्यांतील सुमारे ६० ठिकाणी छापे घातले. त्यांत राजकीय नेत्यांबरोबर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांचाही समावेश होता.

महाराष्ट्रही या जाळ्यापासून दूर नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईतील माटुंगा पोलीस ठाण्यात याच संदर्भात गुन्हा दाखल झाला. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगाव येथील एका इमारतीवर छापा घातला, तेव्हा तेथे या ॲपशी संबंधित कामकाज चालत असल्याचे उघड झाले. मोठ्या संख्येने तरुण तेथे काम करीत होते. भिलाईत आखलेला नमुना जुन्नर तालुक्यात पोहोचतो, याचा अर्थ जाळ्याला गाव लागत नाही. त्याला दुर्लक्ष करणारा राखणदार लागतो.

लाच आणि हिस्सा यांतील फरक

येथे एक आक्षेप संभवतो. पोलिसाने पैसे घेतले असतील तर ती लाच आहे, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा त्यासाठी आहेच, मग हितसंबंधांची वेगळी चर्चा कशाला?

फरक मूलभूत आहे. लाच एका कामासाठी दिली जाते आणि काम झाले की व्यवहार संपतो. हिस्सा मात्र चालू राहतो. लाच घेणारा एखादी कारवाई टाळतो. हिस्सेदार धंदा वाढावा, अशीच इच्छा धरतो. पहिल्याची निष्ठा विकत घेतलेली असते, तर दुसऱ्याची बदललेली. म्हणूनच हिस्सेदाराला पकडणे कठीण जाते. त्याच्या प्रत्येक निर्णयाला वरवर एखादे कारण असतेच : पुरावा अपुरा होता, तक्रार आली नव्हती, मनुष्यबळ कमी होते.

क्रिकेटने हा धडा देशाला एकदा दिला आहे. २०१३ मध्ये आयपीएलमधील सट्टेबाजी उघडकीस आली, तेव्हा नियामक मंडळाच्या अध्यक्षांचीच कंपनी एका संघाची मालक होती. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघात व्यावसायिक हितसंबंध ठेवण्याची मुभा देणारी नियमदुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ रोजी रद्द केली. खेळाच्या निष्पक्षतेवरील लोकांचा विश्वास हीच त्याची खरी मालमत्ता आहे, या भूमिकेतून तो निकाल आला. एकच व्यक्ती पंच आणि भागीदार असणे, हाच दोष होय. प्रत्यक्ष गैरकृत्य घडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नव्या कायद्याने काय साधले?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधी नवा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैशांवर खेळविले जाणारे ऑनलाइन खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाखांपर्यंत दंड, तसेच पैशांचे व्यवहार सुकर करणाऱ्यासही कठोर शिक्षा अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र पीडित मानले आहे. पुरवठा, जाहिरात आणि पैसा या तिन्ही वाटा अडविण्याचा हा प्रयत्न योग्यच आहे.

परंतु अंमलबजावणी ज्यांच्या हाती आहे त्यांचे हितसंबंध कोण तपासणार, याचे उत्तर या कायद्यात शोधून सापडत नाही. छत्तीसगडमधील शासकीय सेवकांना १९६५ च्या वर्तणूक नियमांनी आणि महाराष्ट्रातील सेवकांना १९७९ च्या नियमांनी खासगी व्यापारास मज्जाव केला आहे. हे नियम ज्या काळात लिहिले गेले, त्या काळी व्यापार म्हणजे दुकान, गोदाम किंवा ठेका असे. आज तो नातेवाइकाच्या नावावरील एक लॉगिन आणि त्यावर जमा होणारे कमिशन असू शकतो. वार्षिक मालमत्ता विवरणात जमीन दिसते. ‘पॅनेल’ दिसत नाही.

उलट, समाजमाध्यमांवर साबणाची शिफारस करणाऱ्यांवर अधिक स्पष्ट बंधन आहे. जाहिरातदाराशी आर्थिक किंवा नोकरीचा संबंध असल्यास तो प्रेक्षकांना ठळकपणे सांगितला पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. साबणाच्या बाबतीत जी पारदर्शकता अपेक्षित आहे, ती सायबर कक्षातील अधिकाऱ्याकडून अपेक्षित नसावी, हे विसंगत आहे.

पुढचा मार्ग

उपाय अवघड नाहीत. सायबर व आर्थिक गुन्हे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या आणि निकटच्या कुटुंबीयांच्या कमिशन-आधारित उत्पन्नाची दरवर्षी घोषणा करावी. अशा पदांवर एकाच व्यक्तीला दीर्घकाळ ठेवू नये. बँकांत खाती उघडण्याचे उद्दिष्ट ज्याच्यावर आहे, त्याच्याकडेच पडताळणीचा अंतिम अधिकार नसावा. कायदेशीर अफिलिएट व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनीही कर्मचाऱ्यांना आपल्याच जाळ्यात दलाल होण्यास मनाई करावी, किंवा परवानगी द्यायची तर ती लेखी नोंदीनिशी द्यावी.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो प्रामाणिक सहकारी. शेजारच्या टेबलावरील माणसाचे राहणीमान अचानक पालटले, हे चौकशी यंत्रणेच्या कितीतरी आधी त्याला कळते. अशा व्यक्तीच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा केला, परंतु तो लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. जो बोलू शकतो त्याला मौन सुरक्षित वाटत असेल, तर घोषणापत्रे हा केवळ उपचार ठरेल.

भिलाईच्या कारखान्यातील कायम नोकऱ्या पूर्वीच्या तुलनेत बऱ्याच घटल्या आहेत. टक्केवारीवर चालणारे काम हे आता येथील, नारायणगावच्या आणि देशातील असंख्य तरुणांचे वास्तव आहे. ते सारे काम वाईट नाही. कमिशन उघड असेल आणि मोजणारा वेगळा असेल, तर तो प्रतिष्ठेचा रोजगार होऊ शकतो. ‘महादेव’ प्रकरणातील आरोपींचे दोषित्व न्यायालय ठरवील. मात्र राखणदाराचा वाटा पिकात असता कामा नये, हे ठरविण्यासाठी सरकारला किंवा कंपन्यांना निकालाची वाट पाहावी लागत नाही.