खारे शेंगदाणे आणि आमदारकीचं वय

सोमवारी मी फक्त सोडा पितो, हे या सदराच्या वाचकांना पाठ आहे. भाच्याला नोकरी लागली, पार्टी त्याची आणि बिल मामाचं, म्हणून काशीमिऱ्याला हायवेलगतच्या एका परमिट रूममध्ये आम्ही सोमवारीच जाऊन बसलो. भाचा बावीस वर्षांचा. त्याने व्हिस्की सांगितली, वेटरने मान डोलावली. वयाची पाटी भिंतीवर होती, अर्धी कॅलेंडरमागे.

आपल्याकडे बिअरला २१ वर्षं लागतात, व्हिस्कीला २५. म्हणजे बिअरला नगरसेवकाचं वय, व्हिस्कीला आमदाराचं. जुलै २०२४ मधल्या वरळीच्या अपघातानंतर, पंचविशीच्या आतल्या आरोपीला मद्य दिलं म्हणून जुहूच्या बारला उत्पादन शुल्क खात्याने सील ठोकलं होतं. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू बंद केली. पुढे २०१७ मध्ये शहरहद्दीतल्यांना सूट मिळाली. कायदा वय विचारतो, अंतर मोजतो. गिऱ्हाईक घरी कसं जाणार, हे कोण विचारणार?

मी भाच्याला बिअरवर आणलं. तेवढ्यात शेंगदाणे आले. खारे, फुकट. मग शेव, तीही फुकट आणि तितकीच खारट. पाण्याची बाटली मात्र विकत! मिठाने घसा कोरडा करायचा आणि मग विचारायचं, "साहेब, रिपीट?" या धंद्यातला सगळ्यात हुशार माणूस मालक नव्हे, शेंगदाण्याला मीठ लावणारा. उकडलेल्या शेंगा का देत नाहीत? काकडी का नाही? मी विचारलं, तर वेटर म्हणाला, "काका, काकडी चार्जेबल."

भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ पूर्वी एक म्हातारा वेटर होता. तिसऱ्या पेगनंतर तो न मागता वरण-भात आणून ठेवायचा. चौथा मागितला की म्हणायचा, "किचन बंद होतंय, आधी जेवून घ्या." ते किचन रोज दीड तास बंद होत असे. स्कूटरच्या किल्ल्या गल्ल्यामागच्या खिळ्याला. त्यात त्याची टिप बुडायची, मालक करवादायचा. पण त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी धडधाकट परत यायचं.

भाचा शेंगदाण्यांच्या तिसऱ्या वाटीवर पोचला, तेव्हा मी त्याच्या बाइकची किल्ली खिशात टाकली आणि रिक्षा केली. किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सकाळपासून त्याचे चार फोन येऊन गेले. हा मजकूर पाठवला की उचलतो.