शेवटच्या पानावरून दिलेला निकाल

अमेरिकन बेसबॉलमधील एक निर्णय अतिसावधपणाचा मासला म्हणून आजही सांगितला जातो. आम्हांला ते मत मान्य नाही. आणि ज्या युक्तिवादाने ते मांडले जाते, तो तर मुळीच मान्य नाही.

घटना अशी. स्टीफन स्ट्रासबर्ग हा वॉशिंग्टन नॅशनल्स संघाचा प्रमुख पिचर, म्हणजे प्रतिपक्षाच्या फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. २०१० साली, पदार्पणानंतर तीन महिन्यांच्या आतच, त्याच्या उजव्या कोपरातील अस्थिबंध फाटला. अशा वेळी शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध काढून कोपरात बसवतात. १९७४ साली ही शस्त्रक्रिया प्रथम ज्याच्यावर झाली, त्या टॉमी जॉनचेच नाव तिला मिळाले आहे. २०१२ हे स्ट्रासबर्गचे परतल्यानंतरचे पहिले पूर्ण वर्ष. त्या वर्षी त्याच्या हातावर किती भार टाकायचा याला मर्यादा राहील, हे महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी आधीच ठरवले होते. सुमारे १५९ इनिंग आणि १५ विजय झाल्यावर ८ सप्टेंबरला त्याला थांबवण्यात आले. संघ तेव्हा ऐन भरात होता. ९८ सामने जिंकून तो प्लेऑफमध्ये गेला. १९३३ नंतर राजधानीच्या वाट्याला असा प्रसंग प्रथमच येत होता. १२ ऑक्टोबरला सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊनही हा संघ ९-७ असा हरला. झाले! निर्णय चुकीचा ठरला, असे सर्वांनी ठरवून टाकले.

स्ट्रासबर्ग असता तर संघ कदाचित जिंकला असता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ऑक्टोबरमधला पराभव हा सप्टेंबरमधल्या निर्णयाविरुद्धचा पुरावा कसा होतो? हाच न्याय लावायचा, तर २०१९ साली याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि तीत सर्वोत्तम खेळाडू ठरला तो स्ट्रासबर्ग. म्हणजे निर्णय बरोबर ठरला! पुढे २४५ दशलक्ष डॉलरचा सात वर्षांचा करार झाला, दुखापतींमुळे त्यानंतर त्याला जेमतेम आठ सामने खेळता आले आणि २०२४ साली तो निवृत्त झाला. म्हणजे निर्णय पुन्हा व्यर्थ! एकच निर्णय दर काही वर्षांनी असा कूस बदलत असेल, तर दोष निर्णयाचा नसून आपल्या मोजपट्टीचा आहे.

टीकाकार आणखी एक गोष्ट सोयिस्करपणे विसरतात. याच संघाच्या जॉर्डन झिमरमनवर २००९ साली हीच शस्त्रक्रिया झाली होती. २०११ साली त्यालाही सुमारे १६१ इनिंगनंतर थांबवण्यात आले. तेव्हा कोणी आकाशपाताळ एक केले नाही, कारण संघ स्पर्धेत नव्हता. २०१२ साली तोच झिमरमन पूर्ण हंगाम खेळला. तत्त्व तेच, उपाय तोच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी त्याची किंमत प्रेक्षकांना मोजावी लागली. फुकट असेतो मान्य आणि किंमत पडताच अमान्य, अशा गोष्टीला तत्त्व म्हणत नाहीत.

या संतापाच्या मुळाशी आम्हांला बलिदानाची हौस दिसते. कवचकुंडले उतरवून देणारा कर्ण आपल्याला भावतो, हे खरे. पण ते दान कर्णाचे होते; काठावर उभे राहून दुसऱ्याची कवचकुंडले मागणाऱ्याला कोणी दानशूर म्हटलेले नाही. चोवीस वर्षांच्या तरुणाचा कोपर पणाला लावा, असे घरबसल्या सांगण्यात कोणता पराक्रम?

व्यवस्थापन निर्दोष होते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मर्यादा आधीच ठरली होती, तर स्ट्रासबर्गला हंगामात उशिरा उतरवता आले असते, मधले काही सामने वगळता आले असते. ऑक्टोबरसाठी त्याचा हात राखून ठेवता आला असता. चूक दयेची नव्हती, नियोजनाची होती. दुसरी चूक त्याहून गंभीर. थांबण्याची स्ट्रासबर्गची इच्छा नव्हती आणि त्याने ती नाराजी लपवलीही नाही. तरीही शेवटचा शब्द त्याचा नव्हता. वाद घालायचाच, तर तो येथे घालावा: स्वतःच्या हाताबद्दल त्या हाताच्या धन्याला किती बोलता यावे? संरक्षण करणाऱ्यांनी हे त्याला पुरेसे विचारले नाही. आणि बलिदान मागणाऱ्यांनी त्याची इच्छा आठवली ती केवळ आपल्या इच्छेशी जुळली म्हणून.

आमच्या वर्गांतही हेच घडते. नायकाचा शेवट ठाऊक असलेला विद्यार्थी त्याच्या पहिल्या अंकातल्या प्रत्येक निवडीला ‘चूक’ ठरवून मोकळा होतो, आणि आम्हीही कित्येकदा त्या उत्तराला गुण देतो. निवड करणाऱ्याच्या हातात शेवटचे पान नसते. त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते, आणि तो कोणाच्या वतीने निवडत होता, एवढेच विचारण्याचा अधिकार वाचकाला आहे. तो न वापरता दिलेला निकाल मैदानावर अन्यायाचा असतो आणि वाङ्मयात आळसाचा.