आकाशदर्शन : कुटुंबातील प्रत्येकाचा तारा

डिसेंबरच्या कोरड्या, थंड रात्री आकाशदर्शनास विशेष अनुकूल असतात. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वीच भोजन आटोपते, तेथे रात्रीचा वेळ मोकळाच असतो. महिन्याच्या मध्यास, रात्री साडेनऊच्या सुमारास आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन गच्चीवर जावे, दिवे मालवावेत आणि पूर्वेकडे तोंड करून बसावे. डोळे अंधाराला सरावण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. तोवर मोबाइल खिशातच राहू द्यावा.

पूर्वेस मृग नक्षत्राचा मोठा चौकोन दिसेल व त्याच्या मध्यभागी एका ओळीतील तीन तारे. मार्गशीर्ष महिन्याचे नाव मृगशीर्षावरूनच पडले आहे. त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र याच परिसरात असतो. या तीन ताऱ्यांची रेषा खाली क्षितिजाकडे वाढविल्यास आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध भेटतो. तीच रेषा वर नेल्यास तांबूस रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका दिसतो. ईशान्येस पिवळसर ब्रह्महृदय चमकत असतो. मृगाच्या डावीकडे, क्षितिजाजवळ पुनर्वसूचे दोन तारे शेजारी शेजारी उगवलेले असतात.

आता थोडा हिशेब. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. पुनर्वसूतील अधिक तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश सुमारे ३४, ब्रह्महृदयाचा सुमारे ४३ आणि रोहिणीच्या ताऱ्याचा सुमारे ६५ वर्षे प्रवास करतो. म्हणजे तिसरी-चौथीतील नातवाच्या जन्माच्या वेळी निघालेला किरण आज व्याधातून येतो आहे. त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या जन्मवेळचा पुनर्वसूतून वा ब्रह्महृदयातून, तर आजोबांच्या जन्मवेळचा रोहिणीतून. कृत्तिकांचा प्रकाश तर सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, शिवजन्माच्याही आधीचा आहे. एका गच्चीवर बसलेल्या तीन पिढ्या आणि त्यांचे पूर्वजही एकाच दृष्टिक्षेपात सामावतात.

१३ डिसेंबरच्या रात्री, विशेषतः मध्यरात्रीनंतर, मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. १९८३ साली शोध लागलेल्या फेथॉन या लघुग्रहाने मागे सोडलेले कण पृथ्वीच्या वातावरणात जळताना दिसतात. शहराच्या झगमगाटात मोजक्याच उल्का दिसतील. गावाकडील शेतात मात्र जागरण सार्थकी लागेल. त्यासाठी दुर्बीण नको. सतरंजी व पांघरूण पुरे.

पुढील डिसेंबरातही हे सारे तारे याच जागी असतील; नातवाचे वय मात्र व्याधाच्या हिशेबापुढे गेलेले असेल. तो साडेअकरा वर्षांचा होईल, तेव्हा व्याधाच्या उत्तरेस असलेल्या प्रश्वा ताऱ्याची पाळी येईल. तो तारा दाखविण्यास त्या वेळी आजोबा शेजारी असतीलच, याची हमी कोणी द्यावी? म्हणून या महिन्यातील एक रात्र राखून ठेवावी आणि बोट धरून व्याध दाखवावा.