जळत्या डोंगराच्या पायथ्याशीं

नामिबियांत गाडी मीच चालविणार, असें ठरलें तेव्हां सासूबाईंना मोठी काळजी पडली. तेथेंही वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात, असें सांगून मीं त्यांची समजूत घातली. डांबरी सडक संपल्यावर डावें-उजवें फारसें उरतच नाहीं, हें मात्र सांगितलें नाहीं!

उईस हें वाटेवरील शेवटचें गांव. कथिलाच्या खाणीमुळें वसलेलें. तेथें पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, पाण्याचे डबे भरले, दोन्ही जादा चाकें तपासलीं, व पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या खडीच्या रस्त्यानें आम्ही उभयतां ब्रँडबर्गकडे निघालों. सपाट वाळवंटी माळावर ग्रॅनाइटचा हा प्रचंड डोंगर एकटाच उभा आहे. ज्या प्राचीन भूखंडाचा आपला देशही एक तुकडा होय, तो भूखंड दुभंगून दक्षिण अटलांटिक महासागर होऊं लागला, त्या सुमारें तेरा कोटी वर्षांपूर्वींच्या उलथापालथींत पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस वर आला व जमिनीखालींच थिजला. वरचें आवरण झिजून गेलें, आणि डोंगर उघडा पडला. त्याचें शिखर २५७३ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून नऊशें मीटरांनीं अधिक उंच. ब्रँडबर्ग ह्या नांवाचा अर्थ जळता डोंगर, आणि दमारा लोकांच्या दाउरेस ह्या नांवाचाही तोच. मावळतीच्या उन्हांत तो खरोखरीच निखाऱ्यासारखा फुलला, तेव्हां आम्ही दोघेंही किती तरी वेळ बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मात्र पुष्कळ बोललों. नकाशावर डोंगराच्या उत्तरेस उगाब नदीच्या कोरड्या पात्रांतून जाणारी एक रेघ होती. एकट्या गाडीनें पात्रांत उतरूं नये, असें मुक्कामावरील माणसानें आदल्या रात्रींच बजावलें होतें. "अगं, थोडें आंत जाऊं आणि परत फिरूं," असें हे म्हणाले, व मीं गाडी खालीं घातली. दोष ह्यांच्यावर ढकलणें सोपें आहे. पण चक्र माझ्या हातांत होतें, आणि मोहही माझाच अधिक होता.

शे-दोनशें पावलांवर वाळूनें चाकें गिळलीं. मी वेग वाढविला, तशी गाडी अधिकच खालीं बसली. "अहो, आतां उतरा," मी म्हणालें. मग हातांनीं व ताटल्यांनीं वाळू उपसणें, चाकांखालीं सपाट दगड व पायपोसें सारणें, चाकांतली हवा निम्म्यावर आणणें, असा उद्योग भर उन्हांत अडीच तास चालला. ह्या भागांतले हत्ती वाळवंटांत राहण्यास सरावलेले असतात. त्यांचीं पावलें जवळच उमटलेलीं होतीं. तेवढ्या वेळांत एकही माणूस त्या वाटेनें आला नाहीं. पाण्याच्या डब्यांतली पातळी मीं तीनदां पाहिली; प्रत्येक वेळीं ती वाटली होती त्याहून खालीं होती. अखेर हवा कमी केलेलीं चाकें वाळूवर पसरलीं, गाडी मागें सरकली, आणि आम्ही आल्या वाटेनें परतलों.

तिसऱ्या दिवशीं शहाण्यासारखे वाटाड्याबरोबर गेलों. त्सिसाब घळींतल्या चित्रांपर्यंत वाटाड्यावांचून जातांच येत नाहीं. आमचा वाटाड्या दमारा तरुण होता. पाऊण तास दगडांवरून चालल्यावर एका कपारींत तें प्रसिद्ध चित्र दिसलें. उंची जेमतेम दोन वितींची, कमरेखालचा भाग पांढरा, हातांत फुलासारखें कांहीं तरी. १९१८ च्या जानेवारींत राइनहार्ट माक ह्या जर्मन भूमापकाला शिखरावरून उतरतांना तें सांपडलें. पुढें १९४७ सालीं आबे ब्रॉय हे फ्रेंच पंडित येथें आले, आणि ही क्रीट बेटाकडील कोणी गोरी स्त्री असावी असा त्यांनीं निर्वाळा दिला. तेव्हांपासून 'श्वेत स्त्री' हें नांव चिकटलें तें चिकटलेंच.

"तुम्हांला काय दिसतें?" वाटाड्यानें विचारलें. "एक बाई," मी म्हणालें. पुस्तकांत तेंच वाचलें होतें! ह्यांना भीमबेटक्याच्या गुहांतले नाचणारे आठवले. तो हंसला. ती बाई नव्हे, पुरुष आहे. पांढरा रंग बहुधा विधीसाठीं अंगाला फासलेला. आणि चित्रकार येथल्याच सान लोकांचे पूर्वज, असें आतां अभ्यासक मानतात. हारल्ड पागर ह्यांनीं १९७७ पासून १९८५ पर्यंत ह्या डोंगरांत राहून चाळीस हजारांहून अधिक आकृती उतरून घेतल्या. तेवढ्या सर्व काढावयास क्रीटहून किती मंडळी यावीं लागलीं असतीं!

चित्रापुढें आतां लोखंडी गज आहेत. रंग उठून दिसावेत म्हणून येणारे लोक पूर्वीं त्यावर पाणी शिंपडीत, व त्यानें तें फिकटलें. आदल्या दिवशींचा पाण्याचा डबा मला आठवला.

उतरतांना मीं वाटाड्याला विचारलें, उगाबच्या पात्रांतून तूं कधीं गाडी नेतोस का?

"दुसरी गाडी बरोबर असली तर," तो म्हणाला.

हे तेव्हां मान खालीं घालून पंपानें चाकांत हवा भरण्यांत गुंतले होते.