कॅप्सूल कशाला? टोपलीत कांदा आहे!

बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द दिसला की अनेकांचा हात खिशाकडे जातो. अंधेरी असो वा मुलुंड, ‘क्वेर्सेटिन’च्या कॅप्सूल आता ऑनलाइन मागवल्या की घरपोच येतात. पण हा घटक आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे, तो म्हणजे कांद्यात.

क्वेर्सेटिन हे वनस्पतींमधले फ्लेवोनॉइड गटातले द्रव्य. लाल कांद्यात ते भरपूर असते, पांढऱ्यात अगदी कमी. त्यातही बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक. म्हणून सोलताना वाळलेली साल तेवढी काढावी. तिच्याखालची चांगली पाकळी टाकू नये. कांदा उकडला तर क्वेर्सेटिन पाण्यात उतरते, ते पाणी आमटीत घालावे. सालीसकट खाल्लेले सफरचंद आणि चहा यांतूनही ते मिळते. शेवग्याच्या पाल्यातही ते चांगल्या प्रमाणात असते. कोकणातल्या अनेक घरांत गोकुळाष्टमीला या पाल्याची भाजी होते. उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र शेंगा काढून पाला कचऱ्यात जातो.

नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९५ मध्ये मोठे आतडे काढलेल्या निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. कांद्यातले क्वेर्सेटिन सुमारे ५२ टक्के शोषले गेले, शुद्ध स्वरूपातले २४ टक्के. कांद्यात ते साखरेच्या रेणूला जोडलेले असते, त्याचा हा फायदा.

भाजीत जे हितकारक, ते गोळीतही तसेच असेल, असे गृहीत धरू नये. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बीटा कॅरोटीनही अँटिऑक्सिडंटच, गाजरात असते तेच!

कांदा म्हणजे औषध नव्हे, हेही तितकेच खरे. खरा धोका वेगळाच आहे. पेन्शनच्या तुटपुंज्या पैशांत कॅप्सूल बसवायची म्हणून रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. ही काटकसर पक्षाघातापर्यंत नेऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे कोणतेही पूरक घेऊ नये.

नियमित गोळ्या वेळेवर घ्याव्यात. कॅप्सूलचे पैसे भाजीवाल्याकडे खर्च करावेत. आणि शेवग्याची जुडी दिसली, तर पाला निवडायचा कंटाळा करू नये.