विश्लेषण : लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात मानसतज्ज्ञाची साक्ष कशाचा पुरावा ठरते?

बाल लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील उलटतपासणी बहुतेकदा ठरावीक वाटेने जाते. मुलगी इतके महिने गप्प का राहिली? आरोपी घरातलाच होता, तर त्यानंतरही त्याच्याबरोबर गावाला कशी गेली? पोलिसांना एक सांगितले आणि कोर्टात दुसरे, असे कसे? वैद्यकीय अहवालात जखमांची नोंद नसेल, तर याच प्रश्नांवर खटला तरतो किंवा कोसळतो. अशा वेळी मानसतज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावता येते का आणि त्याच्या मताला किती वजन द्यायचे?

कायद्यात तरतूद काय?

१८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ४५ नुसार परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे यांबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले जात असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या तरतुदीला कलम ३९ मध्ये जागा मिळाली आणि ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी भर पडली. त्यामुळे मानसशास्त्र हे ‘विज्ञान’ आहे का, या वादाला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

पण मत ग्राह्य असणे वेगळे आणि विश्वासार्ह असणे वेगळे. ‘हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल’ या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही. तो तपासून पाहण्यासाठीचे शास्त्रीय निकषही न्यायाधीशांपुढे ठेवावे लागतात. शिवाय काही सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावताही वाचता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मधील त्या यादीत न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत. समुपदेशक मात्र नाहीत. म्हणजे त्यांचा अहवाल फाइलला जोडला तरी त्यांना पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीला तोंड द्यावेच लागते.

तज्ज्ञाने काय सांगावे, काय नाही?

यावर सर्वाधिक वाद अमेरिकेत झाला. मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये अत्याचारग्रस्त मुलांच्या वागण्यातील पाच गोष्टी मांडल्या : गुप्तता, असहायता, परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा व अडखळत सांगणे आणि सांगितलेले मागे घेणे. सरकारी वकिलांनी ती यादी उचलली आणि ‘मुलगी अशी वागते, म्हणजे अत्याचार झालाच’ असा युक्तिवाद सुरू झाला. ही यादी निदानासाठी नव्हती, हे पुढे खुद्द समिट यांनाच सांगावे लागले.

यातली चूक कोणत्याही चाचणीचे गणित माहीत असलेल्याला लगेच कळेल. अंथरूण ओले करणे, शाळेला जायला घाबरणे, एकदम गप्प होणे ही लक्षणे अत्याचारानंतर दिसतात. पण ती आईवडिलांच्या भांडणाने किंवा शाळा बदलल्यानेही दिसू शकतात. दोन्हीकडे दिसणारे लक्षण दोन्हींत फरक करू शकत नाही. त्याच न्यायाने, लक्षण नसणे हासुद्धा आरोपीच्या बाजूचा पुरावा होत नाही. बचाव पक्ष हा दुसरा भाग सोयीने विसरतो.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या ‘ब्लेडसो’ खटल्यात मधला मार्ग काढला. पीडितेच्या मानसिक आघाताची लक्षणे बलात्कार सिद्ध करण्यासाठी वापरता येणार नाहीत; पण ‘खरी पीडिता असे वागणारच नाही’ हा गैरसमज दूर करण्यासाठी तज्ज्ञ बोलू शकतो. म्हणजे तज्ज्ञ ‘हे मूल खरे बोलत आहे’ असे म्हणणार नाही. ‘उशिरा सांगितले, यावरून ते खोटे ठरत नाही’ एवढेच म्हणेल. ही रेषा योग्य वाटते.

आपल्याकडे ज्युरी नाही, मग तज्ज्ञ कशाला?

भारतात फौजदारी खटल्यांचा निकाल न्यायाधीश देतात, त्यामुळे गैरसमज दूर करण्याचे काम निवाड्यांनीच केले, असे म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. ‘पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग’ या १९९६ च्या निकालाने तक्रारीतील विलंबामागची कारणे समजून घ्यायला सांगितले आणि पीडितेच्या एकट्या, विश्वासार्ह साक्षीवरही शिक्षा होऊ शकते हे पक्के केले.

पण न्यायाधीशांचीही स्वतःची गृहीतके असतात. २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशात, बलात्कारानंतर झोप लागणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, अशा आशयाचे वाक्य आले. टीकेनंतर ते वगळण्यात आले. तिथे आघातानंतरच्या थकव्याबद्दल कुणी शास्त्रीय माहिती दिली असती, तर ते वाक्य लिहिले गेले असते का?

आपल्या कायद्याने मानसतज्ज्ञाला आतापर्यंत साक्षीदारापेक्षा मदतनीसाची भूमिका जास्त दिली. पोक्सोच्या कलम ३८ नुसार मुलाचे म्हणणे समजून घेण्यासाठी विशेष न्यायालय तज्ज्ञाची मदत घेऊ शकते. महाराष्ट्रातील एका खटल्यात पीडिता मूकबधिर आणि मतिमंद होती. तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात अशा साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रे उभारायला सांगितले.

खरी अडचण कुठे?

मुलावर उपचार करणाऱ्याच समुपदेशकाला साक्षीला उभे केले, की दोन भूमिकांची गल्लत होते. उपचार करताना मुलावर विश्वास ठेवणे हा कामाचाच भाग असतो. न्यायालयासाठी मूल्यमापन करणाऱ्याला मात्र दुसऱ्या शक्यताही तपासाव्या लागतात. मुलाचा भरवसा मिळवलेल्या व्यक्तीला उलटतपासणीत उभे केले, तर तो भरवसाही पणाला लागतो. ही दोन कामे दोन वेगळ्या व्यक्तींकडे हवीत.

दुसरा मुद्दा पहिल्या मुलाखतीचा. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात १९८३ मध्ये आरोप झाले. मुलांना सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले होते. १९९० पर्यंत खटले चालले आणि एकही शिक्षा झाली नाही. ‘काकांनी इथे हात लावला ना?’ आणि ‘काय झाले ते सांग’ या दोन प्रश्नांतून येणारी उत्तरे सारख्या किमतीची नसतात. कोणता प्रश्न विचारला गेला, हे नुसत्या लेखी जबाबातून नेहमी कळत नाही. पोक्सोचे कलम २६ मुलाचा जबाब शक्य तेथे ध्वनिचित्रमुद्रित करायला सांगते. ते चित्रण हाती असेल, तर तज्ज्ञ मुलाच्या खरेपणाबद्दल मत देण्याच्या फंदात न पडता, मुलाखत कशी घेतली गेली यावर बोलू शकतो आणि त्याचे म्हणणे दोन्ही पक्षांना मिनिटागणिक तपासता येते.