तेच संकट, दुसरा माणूस

रेने ओबेरझोनवा या नटाच्या वाट्याला एकच गाव दोनदा आलं. १९९४ साली 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'च्या 'शॅडोप्ले' या भागात तो सुरक्षा अधिकारी ओडो म्हणून त्या गावात पोचतो. तिथली माणसं एकेक करून नाहीशी होत असतात. तपासाअंती कळतं, की हे गाव म्हणजे एका यंत्राने उभ्या केलेल्या प्रकाशाच्या आकृत्या आहेत, होलोग्राम. हाडामांसाचा माणूस एकच, एक म्हातारा. त्याचा मुलूख शत्रूने गिळला, तेव्हा त्याने परक्या ग्रहावर एकट्याने आपलं हरवलेलं गाव पुन्हा वसवलं. त्या गावात त्याला एक नातही झाली. पुढे २००२ मध्ये त्याच विश्वातल्या 'एंटरप्राइज' या मालिकेत 'ओॲसिस' हा भाग आला. कोसळलेलं एक यान, त्यात वस्ती, वस्तीतले बाकी सगळे होलोग्राम, आणि त्यांना जपणारा एक म्हातारा व त्याची मुलगी. हा म्हातारा म्हणजे पुन्हा ओबेरझोनवाच.

पहिल्या भागाचा शेवट मला पाठ आहे. ओडो रूप बदलू शकतो, पण आपले लोक कोण, कुठले, हे त्याला ठाऊक नाही. लहान मुलांशी कसं बोलावं हेही कळत नाही. त्या गावातल्या मुलीची आई नाहीशी झालेली आहे. ती मुलगी होलोग्राम आहे हे कळल्यानंतरही तो यंत्र दुरुस्त करवून घेतो, आणि निघताना तिच्यासाठी भोवरा होऊन गरगर फिरतो. त्याच्या जागी दुसरं कुणी तिथे गेलं असतं, तर तो भोवरा फिरला नसता. 'ओॲसिस'मध्ये यानाचा इंजिनिअर ट्रिप त्या मुलीत गुंततो, तिला धीर देतो, निघून जातो. तिथे ट्रिपऐवजी कुणीही चाललं असतं.

मी मराठी दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहिते. 'यांना दुसरं काही सुचत नाही का?' हा प्रश्न आमच्या धंद्यात रोज कानावर पडतो आणि 'स्टार ट्रेक'लाही तो सतत विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. कथानक पुन्हा वापरलं हा गुन्हा नाही. त्या कथानकात ज्याला सोडलं, त्याच्याकडे लेखकाने पाहिलं का, एवढंच बघायचं.

'स्टार ट्रेक'च्या लेखकांवर काय भार होता, तो आधी समजून घ्यायला हवा. त्याच विश्वातल्या 'नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे वर्षाला साधारण २६ भाग आणि सात वर्षांत १७८ भाग झाले. आम्ही एका लग्नाच्या ट्रॅकवर तीन आठवडे काढू शकतो. त्यांना दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट हवं आणि पाऊण तासात त्याचा निकालही लागायला हवा. १९६६ च्या मूळ मालिकेत तर जीन रॉडनबेरी यांनी पृथ्वीसारखेच इतर ग्रह असण्याची कल्पना पहिल्यापासून ठेवली होती. स्टुडिओतले तयार सेट आणि कपडे वापरता यावेत, हा त्यामागचा उघड हिशेब होता. म्हणून कॅप्टन कर्कच्या यानाला कधी रोमन आखाडा लागतो, कधी शिकागोचे गुंड, कधी नाझी. त्याबद्दल मला राग येत नाही. सेट उभा आहे तर सीन तिथेच लिही, हे मीही ऐकलेलं आहे आणि त्यातून चांगले सीन निघालेलेही पाहिले आहेत.

१९८८ साली अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप पाच महिने चालला. 'नेक्स्ट जनरेशन'चं दुसरं वर्ष अंगावर आलं होतं. तेव्हा एक जुनी संहिता बाहेर काढली गेली. ती १९७७ च्या सुमारास 'फेज टू' नावाच्या मालिकेसाठी लिहिलेली होती. ती मालिका कधी निघालीच नाही, तिचा १९७९ चा सिनेमा झाला. त्यातली इलिया म्हणजे आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९६५ च्या मिस इंडिया, ज्यांनी त्या भूमिकेसाठी डोक्याचा तुळतुळीत गोटा केला होता. 'द चाइल्ड' ही गोष्ट मुळात इलियाची. ती आता यानावरची समुपदेशक डिआना ट्रॉय हिला देण्यात आली.

अंतराळातला एक प्रकाशकण झोपलेल्या ट्रॉयच्या शरीरात शिरतो, तिला दिवस जातात, दीड दिवसात मूल होतं. सगळ्यात महत्त्वाचा सीन बैठकीचा आहे. टेबलाभोवती अधिकारी बसलेत. बाप कोण, धोका किती, गर्भ ठेवायचा की नाही, यावर पुरुष बोलतायत. ट्रॉय अखेरीस सांगते की मी मूल होऊ देणार, आणि कॅप्टन पिकार्ड चर्चा संपवतो. तिच्या इच्छेविरुद्ध तिच्या शरीराशी काय झालं, याबद्दल तिला कुणी एक प्रश्न विचारत नाही. ट्रॉयला तर दुसऱ्यांच्या मनातलं जाणवतं! खोलीतल्या प्रत्येकाची भीती, दया, संकोच तिच्यापर्यंत पोचत असणार. त्यावर एक ओळ नाही. दुसरीच्या मापाचं शिवलेलं ब्लाउज तिला घालायला दिलं आणि एक टीपही उसवली नाही. संपामुळे जुनी संहिता काढावी लागली, हे मी मान्य करते. नाव बदललं की बाई बदलते, हे मान्य करणार नाही.

त्याआधीच्या वर्षी, अगदी दुसऱ्या भागालाच, 'द नेकेड नाऊ' आला होता. तो १९६६ च्या 'द नेकेड टाइम'चीच आवृत्ती. रोग पसरतो, सगळ्यांना नशा चढल्यासारखं होतं, मनातलं बाहेर येतं. मूळ भागात संयमी स्पॉक एका खोलीत दार लावून रडतो, कारण आईवर आपलं प्रेम आहे हे त्याने तिला कधीच सांगितलेलं नसतं. आपण तोवर त्याचा संयम पाहिलेला असतो. नव्या मालिकेत माणसांची ओळख व्हायच्या आधीच त्यांना बेभान केलं, मग त्यांचं भान सुटलं हे आपल्याला कळणार कसं?

आता उलट बाजू. १९९२ च्या 'द इनर लाइट'मध्ये पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध असतो. तेवढ्यात एका नष्ट झालेल्या ग्रहावरचं अख्खं आयुष्य तो जगतो. बायको, मुलं, नातवंडं, म्हातारपण, आणि हातात बासरी. त्या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. चार वर्षांनी 'डीप स्पेस नाइन'ने तीच युक्ती उचलली. 'हार्ड टाइम'मध्ये इंजिनिअर ओब्रायनच्या मेंदूत काही तासांत वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी घातल्या जातात. पिकार्ड शुद्धीवर येतो तो सुस्कारा टाकून आणि बासरी हातात घेऊन. ओब्रायन घरी येतो तो मोडून. जमिनीवर झोपतो. ताटातलं अन्न पुढच्यासाठी लपवून ठेवतो. कोठडीतल्या सोबत्याला आपण घासभर अन्नासाठी मारलं, ही त्याच्या डोक्यात बसलेली आठवण आहे, आणि ते अन्न त्या सोबत्याने दोघांसाठीच राखून ठेवलेलं होतं. लहानग्या मुलीवर हात उगारण्यापर्यंत त्याची मजल जाते, मग तो स्वतःचा जीव द्यायला निघतो. डॉक्टर मित्र त्याला बोलत बोलत परत आणतो. पिकार्डला घरसंसार नव्हता, म्हणून त्याला संसार दिला. ओब्रायन घरसंसारातलाच माणूस, म्हणून त्याच्यापासून तो तोडला. युक्ती तीच असूनही दोन्ही भाग एकमेकांची नक्कल वाटत नाहीत. मला 'हार्ड टाइम' अधिक मोठा वाटतो.

हे बघितलं की २०१३ चा 'इन टू डार्कनेस' सिनेमा मला अजिबात माफ करवत नाही. तिथे संप नव्हता, पैशाची चणचण नव्हती. १९८२ च्या 'रॅथ ऑफ खान'मध्ये स्पॉक काचेपलीकडे मरतो आणि कर्क काचेला हात लावून उभा असतो. नव्या सिनेमात नुसती अदलाबदल केली, कर्क आत आणि स्पॉक बाहेर. पण जुन्या जोडीची मैत्री प्रेक्षकांनी सोळा वर्षं पाहिलेली होती, नव्या जोडीची त्याआधी फक्त एका सिनेमात. वर कर्कला खानच्या रक्ताने थोड्याच वेळात जिवंतही केलं. खान हे पात्रही पाहा. १९६७ च्या पहिल्या भागातच तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं सांगितलेलं. तो तेव्हा मेक्सिकन रिकार्डो मोंताल्बान यांनी केला आणि सेहेचाळीस वर्षांनी इंग्रज बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी. जिथे बदल करायला खरी जागा होती, तिथे कुणाचं धाडस झालं नाही. प्रेक्षकांना आवडलेलं हातचं सुटेल, ही भीती त्यामागे दिसते. ही भीती मी ओळखते. दर गुरुवारी टीआरपीचा आकडा आला की आमच्याही खोलीत ती येऊन बसते.

आता वर्षाला दहाच भाग करायचे असतात. 'स्टार ट्रेक'च्याच 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या मालिकेचे पहिले मोसम दहा-दहा भागांचे. तरी पुन्हा स्पॉक, पुन्हा कर्क, पुन्हा खानची वंशज. २६ भाग भरताना हात जुन्या कपाटाकडे जाणं समजू शकतं, दहा भागांना ती सबब चालत नाही. मात्र त्याच मालिकेतला २०२२ चा 'अ क्वालिटी ऑफ मर्सी' जरूर बघावा. १९६६ च्या 'बॅलन्स ऑफ टेरर'मधली सीमेवरची लढाई जशीच्या तशी घेतली आहे, फक्त कप्तानाच्या खुर्चीत कर्कऐवजी त्याच्या आधीचा कप्तान पाइक बसवला. पाइक दयाळू, समजुतीने घेणारा. त्याच्या त्या चांगुलपणामुळेच युद्ध पेटतं. मूळ भाग पाठ असलेल्यालाही पुढे काय होईल हे सांगता येत नाही.

जुन्या कपाटाकडे हात जाण्याच्या या सवयीवर 'स्टार ट्रेक'च्या घराण्यानेच एकदा फार चांगला उपाय केला होता. 'नेक्स्ट जनरेशन'च्या तिसऱ्या वर्षी मायकेल पिलर लेखनाचे प्रमुख झाले आणि त्यांनी बाहेरच्या, कुणाच्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांच्या संहिता वाचायचं धोरण चालवलं. हॉलिवूडमध्ये तसं होत नाही, आपल्याकडेही होत नाही. आमच्याकडे चॅनेलला लेखक हवा असला की आधी काय केलंय ते विचारतात. रोनाल्ड मूर नावाचा एक चाहता सेट बघायला गेला असताना स्वतः लिहिलेली संहिता देऊन आला होता. तिचा १९८९ मध्ये 'द बाँडिंग' हा भाग झाला. ग्रहावर उतरलेल्या तुकडीतलं कुणी अनोळखी माणूस मरतं, यान पुढे निघतं, ही 'स्टार ट्रेक'ची सगळ्यात घासलेली घटना. मूर यांनी तीच घेतली. मेलेली ती अधिकारी बाई एकटी आई होती आणि तिचा मुलगा यानावर वाट बघत होता, इतकंच त्यांनी जोडलं. तोपर्यंत वीसेक वर्षं अशी माणसं मरत आली होती आणि त्यांच्या घरी कोण आहे हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे मूर 'डीप स्पेस नाइन'च्या लेखनात होते. नंतर त्यांनी १९७८ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही जुनी मालिका पुन्हा लिहायला घेतली, आणि तिच्यातला सगळ्यात बिनधास्त पुरुष वैमानिक स्टारबक, त्याची बाई केली.